शेठाणीची भाषा कोणती

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या समोरच्या शेठाणीला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. हातापायाचं डॉक्टर म्हणाले, येईल सावकाश. बोलण्याचं विचारलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

शहाद्याच्या या गल्लीत आमची दारं समोरासमोर. तिच्या घराखाली कापडाचं दुकान, आमच्या घराखाली नुसता ओटा. आमची शेती लोणखेड्याच्या अंगाला. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथे आलो. तेव्हापासून आमचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. भांडणातही आम्ही बोलायचो, उलट तेव्हा जरा जास्तच बोलायचो. आता मी समोर जाऊन बसायची, दोन माणसांचं बोलणं एकटीच बोलायची आणि दमून घरी यायची.

मग नंदुरबारहून एक मुलगी यायला लागली. बोलणं गेलेल्यांना बोलायला शिकवायचं शिक्षण घेतलेली, स्पीच थेरपिस्ट. अंगानं बारीक, आवाजानं ठणठणीत. तिच्याजवळ चित्रांचे पत्ते होते. गाय, घर, चमचा, छत्री. एकेक पत्ता समोर धरून ती विचारायची, हे काय आहे आजी? शेठाणी गायीकडे बघायची, मग खिडकीकडे बघायची. गाय काय तिनं पाहिली नव्हती?

एके दिवशी त्या मुलीनं शेठना दुकानातून वर बोलावलं. पलंगासमोर खुर्ची टाकून बसवलं आणि विचारलं, "आजी, हे कोण आहेत? यांचं नाव सांगा बरं."

शेठाणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलीनं परत विचारलं, हिंदीत विचारलं, पहिलं अक्षर स्वतः उच्चारून दाखवलं. शेठाणीनं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं बाहेरच्या पडवीत ती मुलगी शेठाणीच्या सुनेला हळू आवाजात सांगत होती की नुसतं बोलणंच नाही, कदाचित माणसांची ओळखही गेली असेल, आपण मनाची तयारी ठेवलेली बरी. हळू आवाजात सांगितलेलं या गल्लीत जरा लवकर ऐकू जातं. शेठ दारातच उभे होते.

त्या दिवसापासून शेठ दिवसा वर जाईनासे झाले. गादीवर बसून राहायचे. गिऱ्हाइकानं सदऱ्याचं कापड मागितलं तर चादर काढून द्यायचे. एकदा मी फॉलचं कापड घ्यायला गेले तर कात्री हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "वो मुझे पहचानती नहीं, भाभी." आणि परत कापड मोजायला लागले, तेही चुकीच्या बाजूनं.

मला काय बोलावं कळेना. मला एरवी हा त्रास होत नाही.

पुढच्या खेपेला त्या मुलीनं नवाच प्रश्न काढला. म्हणाली, कदाचित आपण चुकीच्या भाषेतून शिकवतोय. अशा आजारात माणसाची अगदी पहिली भाषा आधी परत येते. तर आजींची पहिली भाषा कोणती?

सोपा प्रश्न वाटला, पण त्या खोलीत कोणाला त्याचं उत्तर देता येईना. सून म्हणाली, मारवाडीच की, आपण मारवाडी आहोत. शेठ म्हणाले, मारवाडी ती फक्त माझ्या आईशी बोलायची, तेही घुंगटाच्या आतून, म्हणजे किती बोलली असेल ते समजा. माझ्याशी हिंदी. दुकानातल्या बायांशी अहिराणी. सुरतेच्या व्यापाऱ्याशी गुजराती. नातवंडांशी मराठी, कारण त्यांना दुसरं काही धड येत नाही. आणि राग आला की? सून म्हणाली, राग आला की अहिराणी. शेठनी मान डोलावली. त्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला असणार?

तेवढ्यात मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "तिची भाषा हिंदुस्तानी. तिनंच मला सांगितलं होतं."

मुलीनं विचारलं, हिंदुस्तानी म्हणजे हिंदी का? मी म्हटलं, नाही. मग उर्दू? मी म्हटलं, तेही नाही बहुतेक. मग काय, आजी? मी म्हटलं, तेच तर. ती मोठ्या संयमाची मुलगी. म्हणाली, तुम्ही नीट विचार करून, विचारपूस करून मला पुढच्या वेळी सांगा, म्हणजे मी त्या भाषेतले शब्द निवडीन. अशी ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. शेठ माझ्याकडे असे बघत होते की जणू त्यांच्या बायकोचं बोलणं माझ्या कपाटात ठेवलंय आणि किल्ली तेवढी सापडत नाही.

आता हे हिंदुस्तानीचं मला कसं माहीत, ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर तेव्हाच्या मला मध्ये आणावं लागेल. मला ती फारशी आवडत नाही. माहेर प्रकाशा गावचं, तापीच्या घाटाजवळचं घर. घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण या मुलीनं शाळेत असताना हिंदीच्या बाहेरच्या परीक्षा दिल्या होत्या. गावात त्या परीक्षा दिलेली दुसरी मुलगी नव्हती, त्यामुळे पहिली येणं अवघड नव्हतं. लग्नात हिनं ट्रंकेत साड्यांच्या वर ती प्रमाणपत्रं ठेवली होती. सासूबाईंनी ट्रंक उघडली, कागद बाजूला केले, साड्या मोजल्या आणि कागद परत होते तिथे ठेवले. एवढंच त्यांचं कौतुक झालं.

तर ही नवी नवरी सकाळी गल्लीतल्या नळावर हंडा घेऊन गेली. समोरच्या घरातली नवी शेठाणी तिथे आधीच उभी. हिनं ऐकलं होतं की ती बुऱ्हाणपूरची आहे, हिंदी मुलखातली. आली संधी. हिनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि विचारलं, "बहनजी, आपका शुभागमन किस प्रदेश से हुआ है?"

नळावरच्या बाया गप्प झाल्या. शेठाणीनं हंडा उचलून कमरेवर घेतला, हिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "कसाले एवढी तकलीफ लेस वं माय?"

येऊन तिला काही दिवसच झाले होते. भाजीवाल्या बायांकडून उचललं होतं म्हणे. नळावर जे हसू उठलं ते मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून मी या गल्लीत मास्तरीन झाले. एक दिवस शाळेत शिकवलं नाही मी कधी, पण मास्तरीन.

तरी ती शहाणी गप्प बसली असेल असं वाटतं का तुम्हाला? दुपारी ओट्यावर दोघी गहू निवडायला बसायच्या. शेठाणी बोलता बोलता म्हणायची, किताब, कोशिश, बखत, दरवाजा. ही लगेच सांगायची, पुस्तक म्हण, प्रयत्न म्हण, समय म्हण. दरवाज्याला द्वार. शेठाणी काही दिवस ऐकून घेत होती. मग एकदा सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली की तुझी ती किताबी हिंदी तुझ्याजवळ ठेव, माझी भाषा हिंदी नाहीच, हिंदुस्तानी आहे. म्हणजे काय, असं हिनं विचारलं. म्हणजे तिच्या वडिलांची बुऱ्हाणपूरच्या बाजारात पेढी होती, शेजारी सगळे विणकर मोमीन, समोर हलवाई, कोपऱ्यावर न्हावी. सगळे जे बोलायचे ते. वडील त्याला हिंदुस्तानी म्हणायचे. घरात आई मारवाडी बोलायची, पण आईला दहा मुलांमागे बोलायला वेळ कुठे होता? बोलायला ती बाजारात शिकली.

परीक्षेत हा शब्द आला नव्हता, म्हणून त्या शहाणीनं तो खोटा धरला. अशी भाषाच नसते, असं तिनं ठासून सांगितलं. शेठाणी हसली आणि खडे बाजूला टाकत राहिली.

त्या ओट्यावर आम्ही काय काय नाही केलं? गहू, पापड, लोणची, एकमेकींच्या सासवांच्या नकला. सरकारी दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, मतदानाला कुठेही जायचं तर जोडीनं. त्याला एक कारणही होतं. कुठेही गेलं की टेबलामागचा माणूस विचारायचा, नवऱ्याचं नाव? आम्हा दोघींनाही ते घेता यायचं नाही. हसू नका, तेव्हा घेतच नव्हतो. मंगळागौरीला उखाण्यात घ्यायचं, तेही पदरात तोंड लपवून. बाकी ‘हे’, ‘घरचे’, ‘अहो ऐकलंत का’. म्हणून मी तिच्या शेठचं नाव सांगायची आणि ती माझ्या ह्यांचं. पहिल्या वेळी टेबलामागच्या माणसानं दोनदा विचारलं, बाई, नक्की कोण कोणाची? पुढे त्याला सवय झाली. आम्हाला तर इतकी झाली की नावाचा प्रश्न आला की मान आपोआप एकमेकींकडे वळायची.

हे सगळं आठवत मी घरी आले आणि नातीला म्हटलं, बघ गं तुझ्या त्या फोनमध्ये, हिंदुस्तानी भाषा म्हणजे काय. नात लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते, तिला फोनमधलं सगळं सापडतं, घरातली कात्री सोडून. तिनं वाचून दाखवलं. सिंधू नदी. तिच्या पलीकडे इराणी लोक राहायचे, त्यांच्या तोंडात सिंधूचं हिंदू झालं. मग त्या नदीच्या अलीकडच्या मुलखाला ते हिंद म्हणाले, हिंदुस्तान म्हणाले. स्तान म्हणजे ठिकाण. आणि हिंदुस्तानची ती हिंदुस्तानी.

म्हणजे हे नाव आपण ठेवलेलंच नाही? मी विचारलं. नाही आजी, पलीकडच्यांनी ठेवलं. मग आपण आपल्याला काय म्हणायचो? नातीनं वर खाली अंगठा फिरवला. म्हणाली, ते इथे दिलेलं नाही.

मला ते काही पटेना. शेठाणीनं सिंधू नदी चित्रातसुद्धा पाहिली नसेल. ती लहानाची मोठी झाली तापीवर, बुऱ्हाणपूरला. मीही तापीवरच, प्रकाशाला. ती वरच्या अंगाला, मी खालच्या अंगाला. तिनं घाटावर कपडे धुतले तर तेच पाणी काही दिवसांनी माझ्या घाटावर यायचं, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. आणि तिच्या भाषेला नाव मात्र कुठल्या तरी भलत्याच नदीचं, तेही परक्यांच्या उच्चारातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणखेड्याच्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्या सरांना गाठलं. ते कॉलेजातून निवृत्त झालेत. मफलर, काठी आणि कोणी विचारण्याची वाट बघत असलेलं ज्ञान, अशा तिन्ही वस्तू बरोबर घेऊन फिरतात. त्यांना फार आनंद झाला. चालायचं थांबून रस्त्याच्या कडेला उभेच राहिले.

ते म्हणाले, हिंदुस्तान म्हणजे सगळा देश, हे अलीकडचं. पूर्वी हिंदुस्तान म्हणजे वरचा प्रदेश, गंगा-यमुनेकडचा. आपले मराठे फौज घेऊन नर्मदा ओलांडून गेले की लोक म्हणायचे, हिंदुस्थानात गेले. नर्मदेच्या अलीकडे दख्खन. इकडे जी तसली भाषा बोलली जायची तिला दखनी म्हणत.

मी विचारलं, मग बुऱ्हाणपूर? ते म्हणाले, नर्मदेच्या दक्षिणेला. म्हणजे शेठाणी हिंदुस्तानी नाही, दखनी? सर म्हणाले, तसं म्हणता येईल, पण तसं म्हणता येणारही नाही, कारण बोलणारे स्वतः तिला कधी हिंदवी म्हणत, कधी हिंदी, कधी रेख्ता, कधी उर्दू. हिंदुस्तानी हे नाव इंग्रज साहेबांना फार आवडलं. त्यांना राज्य करायचं होतं, तर एक नाव हवं होतं. मग स्वातंत्र्याच्या चळवळीत काही मोठे लोक म्हणाले, हिंदी आणि उर्दूवाल्यांनी भांडू नये, दोघांची मिळून हिंदुस्तानी असू दे. मग देश तुटला. तिकडे उर्दू गेली, इकडे हिंदी आली. हिंदुस्तानी हे नाव कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

"मग ती भाषा कुठे गेली?" मी विचारलं.

सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, कुठेच नाही. लोक बोलतातच आहेत. नाव गेलं.

चालता चालता मला वाटायला लागलं की शिकलेल्या माणसाला विचारलं की उत्तर मिळतं आणि प्रश्न वाढतो. मला आमची तोरणमाळची सहल आठवली. दोन्ही घरची मंडळी जीपनं गेली होती. वर गेल्यावर कोणी तरी उत्तरेकडे हात करून म्हणालं होतं की त्या दऱ्यांच्या पलीकडे नर्मदा आहे. म्हणजे सरांच्या हिशोबानं त्या धुक्यात कुठे तरी हिंदुस्थान सुरू होत होता, आणि आम्ही दोघी तिकडे पाठ करून भजी खात होतो.

त्याच दुपारी गाद्या पिंजायला पिंजारीचाचा आले. त्यांच्या घरी तर ही भाषा असणारच, म्हणून मी त्यांना विचारलं. चाचा म्हणाले, आमच्या घरच्या बोलीला गल्लीतले लोक मुसलमानी म्हणतात. शाळेत मुलं शिकतात ती उर्दू, ती आमच्या म्हातारीला समजत नाही. मुलं टीव्हीवरची बोलतात ती हिंदी. "और हम तो बस बोलते हैं, भाभी." मग कापसाचा ढीग दाबता दाबता त्यांनीच मला विचारलं, तुमची कोणती?

मी म्हटलं, मराठी. मग म्हटलं, म्हणजे घरात अहिराणी. काही लोक खान्देशी म्हणतात. चाचांनी विचारलं, तुमच्या घरात काय म्हणायचे? मला आठवेना. आई कधी म्हणाली का, आपण अहिराणी बोलतो असं? ती म्हणायची, आपलं बोलणं. शाळेत जे बोलायचं ते शुद्ध. अहिराणी हे नाव मला पहिल्यांदा ऐकू आलं ते धुळ्याहून बदलून आलेल्या मास्तरांच्या तोंडून, तेही छडी मारताना. चाचा हसले आणि कापसाचे तंतू त्यांच्या मिशीला चिकटले. त्यांच्याही डोक्यात काही उजेड पडला नव्हता. निदान सोबत मिळाली.

तर अशी मी, दोन नद्या, एक साहेब, एक तुटलेला देश आणि अर्धा पिंजलेला कापूस डोक्यात घेऊन शेठाणीच्या खोलीत जाऊन बसले. थेरपिस्ट मुलगी आली होती. तिनं विचारलं, कळलं का आजी? मी म्हटलं, कळलं खूप, सांगता येत नाही. ती म्हणाली, असू दे. चेहरा जरा पडला तिचा. शेठ दारात उभे होते, आत न येता. त्यांना मी आदल्या रात्री खिडकीतून सांगितलं होतं की उद्या काही तरी घेऊन येते.

शेठाणी उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, कपाळाला मोठं कुंकू. डोळे मात्र त्याच जुन्या शेठाणीचे, सगळं बघणारे. मी मनात म्हटलं, हिची ओळख गेली म्हणतात, पण मी काल नेसलेली साडीच परत नेसून आले, हे हिनं बरोबर पाहिलं.

मुलीनं पत्ते बाजूला ठेवले. म्हणाली, आज पुन्हा माणसांची नावं करू. आणि शेठाणी आधी ऐकेल, मग म्हणेल, म्हणून आधी कोणी तरी करून दाखवायला हवं. तिनं आजूबाजूला पाहिलं. समोर मी. तिला वाटलं असेल, ही म्हातारी एवढी बोलते, तिला काय अवघड?

"आजी, तुम्ही करून दाखवा. आधी तुम्ही तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा. मोठ्यानं, सावकाश."

मी तोंड उघडलं.

आणि तसंच राहिलं. आता आमचे हे जाऊनही बरीच वर्षं झाली. रागवायला सासूबाई नाहीत, ऐकायला हे नाहीत. बँकेत मी सही करते, त्या सहीत मधलं नाव त्यांचंच असतं. नात तर तिच्या वर्गातल्या मुलांना अर्ध्या नावानं हाका मारते. मी म्हटलं, सांगावं, त्यात काय मोठं? जीभ वळेचना. टाळूला जाऊन बसली. बोलणं गेलेल्या बाईसमोर बोलणं शिकवायला बसलेली मी, तोंड उघडं टाकून मुकी. मुलगी वाट बघत होती. आणि माझी मान, तिला कोणी न सांगता, पलंगाकडे वळली.

शेठाणी माझ्याकडे बघत होती. कपाळाला आठी पडलेली. तीच आठी, रेशनच्या दुकानात पडायची ती, मी अडकले आणि मागे रांग वाढायला लागली की पडायची. तिचे ओठ एका बाजूनं हलले. काही तरी घशातच अडकलं. परत हलले. आणि तिनं माझ्या ह्यांचं नाव घेतलं.

पहिलं अक्षर जड, मधलं गिळलेलं, पण नाव पूर्ण. मागे ‘भाऊ’ही लावला, ती नेहमी लावायची तसा. इथे ते नाव मी लिहीत नाही, का ते तुम्हाला आता माहीत आहे.

खाली दुकानातल्या माणसानं कापडाचं थान फळीवर आपटल्याचा आवाज आला. सुनेनं तोंडाला पदर लावला. ती मुलगी गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आजारात नवऱ्यांची अदलाबदल झाली की काय. मग मला एकदम हसू फुटलं, असं की थांबेना, आणि हसता हसता डोळे भरले. मी त्या मुलीला सांगितलं, अगं बाई, ती कशी घेईल तिच्या नवऱ्याचं नाव? आयुष्यात कधी घेतलं नाही तिनं. तू तिच्यासमोर नवरा बसवलास आणि नाव घे म्हणालीस. तोंड फिरवणार नाही तर काय करेल?

आणि मग ठरल्याप्रमाणे माझी पाळी होती. मी शेठकडे बोट केलं आणि त्यांचं नाव घेतलं, मोठ्यानं, सावकाश, मागे ‘शेठ’ लावून. शेठाणीनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला. उजव्या बाजूनं तो निसटला, तो सुनेनं सारखा केला.

शेठ आत आले. खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला बसले. सुनेसमोर आणि माझ्यासमोर ते असे कधी बसले नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मैं तो समझा था..." आणि उठले. खाली जाऊन त्यांनी दुकान लवकर बंद केलं. गल्लीत सगळ्यांना वाटलं, काही वाईट झालं. मला ओट्यावर उभं राहून सांगावं लागलं.

त्यानंतर शब्द येऊ लागले, पण कसे ते विचारू नका. थेरपिस्ट मुलीनं कंटाळून आपले पत्ते गुंडाळले आणि घरातल्या वस्तूच समोर ठेवायला लागली. पाण्याला शेठाणी पाणी म्हणाली. दाराला दरवाजा. चहाला चाय. भाकरीला भाकर. उशीला तकिया. सुनेला तिनं मारवाडीत काही तरी म्हटलं, ते सून मला सांगत नाही. मुलगी शब्द ऐकून विचारायची, आजी, ही कोणती भाषा? कधी मी हिंदी म्हणायची, कधी अहिराणी, कधी नातीला फोनमध्ये बघायला लावायची. फोन म्हणायचा, हा शब्द चार भाषांत आहे. मग आम्ही विचारणं सोडलं. पण मला अजून राहून राहून वाटतं, तिचा पहिला शब्द कोणत्या भाषेतला मानायचा? माणसाचं नाव कोणत्या भाषेत असतं? सरांना विचारलं तर ते काठी दुसऱ्या हातात घेतील.

परवा थंडीत ऊन आलं म्हणून शेठाणीला ओट्यावर आणून बसवलं. माझ्या ओट्यावर. मध्ये सुपात गहू. ती डाव्या हातानं खडे काढते, मी उजव्या हातानं, त्यामुळे सूप मध्येच राहतं. मी तिला सांगितलं सगळं. सिंधू नदीचं, इराण्यांचं, नर्मदेचं, आणि हेही की तिच्या भाषेचं नाव पलीकडच्या लोकांनी ठेवलं. तिनं शांतपणे ऐकलं. मी विचारलं, मग तू सांग, तुझी भाषा कोणती?

तिनं एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला, टाकला. शब्द शोधायला तिला अजून वेळ लागतो, म्हणून मी थांबले. एरवी मी थांबत नाही. तोंड एका बाजूला वाकडं करून, हळूहळू ती म्हणाली, "तू सांग, मास्तरीन."

मी सुपात पुढचा खडा शोधायला लागले.